गव्हाचा चीक आणि सात नंबरची गाडी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागच्या महिन्यात एका वाचकांचा अमेरिका सहलीचा अनुभव आला होता. नायगारा, व्हाइट हाऊस, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, सगळ्याचं मनापासून कौतुक. न्यूयॉर्कच्या चिनी बाजाराच्या वाट्याला मात्र अडीच ओळी आल्या : वास सहन होत नाही, शाकाहारी माणसाने फिरकू नये, अर्धा दिवस वाया गेला. त्या अडीच ओळींसाठी हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त चिकाचा भाग कापू नका.

मी कुठल्या अधिकाराने बोलते तेही सांगते. बत्तीस वर्षं मी घरी वाळवणं करून विकली. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, आणि भाद्रपदात उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी. पीठ हा माझा विषय. बोटाला लागलं की पाणी कमी पडलंय का जास्त झालंय ते सांगते, बाकी जगाचं मला फारसं कळत नाही. २०२५ साली जून ते ऑक्टोबर आम्ही दोघं लेकीकडे न्यूयॉर्कला राहिलो. लेक-जावई दिवसभर कामावर, आम्ही दोघं घरात समोरासमोर. पहिल्याच आठवड्यात ह्यांची-माझी दोनदा भांडणं झाली. तेव्हा लेकीने गाडीचं कार्ड हातात ठेवलं आणि म्हणाली, "सात नंबरची गाडी पकडा आणि शेवटच्या स्टेशनावर उतरा. चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही."

ते शेवटचं स्टेशन म्हणजे फ्लशिंग मेन स्ट्रीट. इथे एक गोष्ट सांगायला हवी. न्यूयॉर्कमध्ये चिनी बाजार एक नाही. सहलीची बस नेते तो मॅनहॅटनमधला, जुना. दुसरा ब्रुकलिनमध्ये, सनसेट पार्कच्या आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर. आणि तिसरा हा क्वीन्समधला फ्लशिंगचा. आपल्या वाचकांनी बहुधा पहिला पाहिला, तोही गाइडच्या झेंड्यामागे पाऊण तासात.

सात नंबरची गाडी निम्म्याहून जास्त वाट रस्त्याच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून धावते. तेव्हा तिकीट दोन डॉलर नव्वद सेंट होतं, कुठूनही कुठेही जा. चौऱ्याहत्तराव्या रस्त्याला खाली साड्या, सोनं, मिठाई. चार स्टेशनं पुढे सगळ्या पाट्या स्पॅनिश. मग टेनिसचं ते मोठं मैदान, जिथे ऑगस्टअखेरीस यूएस ओपन भरते. तिथून गाडी एकदम जमिनीत शिरते आणि संपते. लोक तिला इंटरनॅशनल एक्स्प्रेस म्हणतात. डब्यात दर पाच मिनिटांनी भाषा बदलते, एवढं मात्र मी कानांनी ऐकलं.

आता वास. वास येतो. खोटं कशाला बोलू? जिना चढून मेन स्ट्रीट आणि रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूच्या चौकात आले आणि माझी ओढणी आपोआप नाकाला गेली. डोक्यावरून विमान एवढं खाली आलं की त्याचं पोट दिसलं, लाग्वार्डियाचा विमानतळ जवळच आहे. खाली माणसांचा लोंढा, आणि त्यात तो वास. आमचे हे मात्र थांबले, मान वर केली आणि म्हणाले, "अगं, सुकट!" हे अलिबागकडचे. नाकाच्या रोखाने ते सरळ एका दुकानात शिरले. तिथे पिंपांतून, बरण्यांतून सुके झिंगे मांडलेले, करंगळीच्या नखाएवढ्यांपासून बोटाएवढ्यांपर्यंत. सुके शिंपले, सुके मासे, सुकी मश्रूम. ह्यांनी एकेक बघत आजोळच्या अंगणात पोहोचल्यासारखा चेहरा केला. मी दारात ओढणी धरून उभी. दुकानातल्या म्हातारीने माझ्याकडे एकदा पाहिलं, काही बोलली नाही, आतून एक स्टूल आणून दाराबाहेर वारा येईल अशा जागी ठेवलं आणि बसायची खूण केली. मी ओढणी खाली केली. पुन्हा तिथे कितीदा गेले, पण ओढणी नाकाला लावली नाही. बोंबील वाळत असताना ज्यांच्या अंगणातून मी लग्नानंतर चाळीस वर्षं ये-जा केली, त्यांच्यासमोर मला हे नाक कधी सुचलं नव्हतं.

दुसरा वास ड्युरियनचा. काटेरी, फणसाचा दूरचा भाऊ दिसावा असं फळ. त्याच्याशी मात्र माझी दोस्ती झाली नाही. पिकून फुटलेला फणस आणि सडका कांदा एका पिशवीत बांधून ठेवावा तसं काहीतरी. चवीला गोड मलई असते म्हणे. असेल.

त्या वासाच्या पलीकडे भाजीची दुकानं आहेत. फुटपाथवरच खोकी मांडलेली, वर पुठ्ठ्यावर चिनीत भाव. मी तिथे परक्या देशात उभी आहे हे पाच मिनिटांत विसरले. लाल माठ! देठाशी लाल, पानात हिरवा-जांभळा, जुड्या बांधून. कोहळा, एवढा मोठा की फोडी करून वजनावर विकतात. दोडका. लांबच लांब चवळीच्या शेंगा, केसांच्या शेपट्यासारख्या गुंडाळलेल्या. अळकुड्या. कमळकाकडी, चिखल लागलेली, म्हणजे ताजी. कारली होती, पण फिकट आणि तुकतुकीत, आपल्यासारखी खरखरीत नाहीत. कडूपणा थोडा कमी. लेक ज्या मोठ्या सुपरमार्केटातून भाजी आणते तिथे पाच महिन्यांत मला माठाची जुडी दिसली नाही. शाकाहारी माणसाने फिरकू नये, असं आपले वाचक म्हणतात. मी म्हणते, माठाची भाजी खायची असेल तर फिरकावंच लागेल.

कारली घेताना एक गंमत झाली. भाव विचारला तर भाजीवाल्या बाईने अंगठा आणि करंगळी उभी करून हात हलवला. मला वाटलं, फोन कर म्हणते आहे. कोणाला करू? मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी खरोखर खिशातून फोन काढला. मागे उभा असलेला एक शाळकरी मुलगा हसत सुटला आणि इंग्रजीत म्हणाला, सहा, सहा डॉलर. चिनी माणसं एका हाताच्या बोटांवर दहापर्यंत मोजतात. अंगठा-करंगळी म्हणजे सहा, पिस्तुलासारखा हात केला की आठ. ऑक्टोबरपर्यंत मी आठला पिस्तूल काढून घासाघीस करायला लागले होते. घासाघीस चालत नाही, हा भाग वेगळा.

आता चिकाचा भाग.

मेन स्ट्रीटवर गोल्डन शॉपिंग मॉल नावाची इमारत आहे. नावावर जाऊ नका. तिच्या तळघरात खाण्याच्या टपऱ्या आहेत आणि अशाच तळघरांनी फ्लशिंग नावारूपाला आणलं. शीआन फेमस फूड्स हे नाव आज न्यूयॉर्कभर दिसतं. त्याची सुरुवात २००५ साली इथल्या टपरीवजा गाळ्यात झाली. चीनच्या वायव्येकडच्या शीआन शहरातून आलेल्या बापाने आपल्या गावचे पदार्थ करून विकले, पुढे मुलाने ते वाढवले. रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर न्यू वर्ल्ड मॉल म्हणून आहे, त्याच्याही तळमजल्याखाली मोठं दालन, कडेने तीसेक गाळे, मधे टेबलं, आणि टेबल मिळवायला संगीतखुर्ची. अशाच एका तळघरात एक बाई काचेपलीकडे काम करत होती. परातीएवढ्या सपाट थाळीत पळीभर पांढरं पातळ काहीतरी ओतलं, थाळी फिरवून सगळीकडे सारखं केलं, थाळी उकळत्या पाण्यावर ठेवली, झाकण. दोन मिनिटांनी काढली, खालून गार पाणी दाखवलं, आणि कडेने बोट फिरवून एक अख्खी पारदर्शक चादर सोडवून घेतली. तेलाचा हात, घडी, सुरीने पट्ट्या.

ते पांढरं पातळ मी ओळखलं. म्हणजे आधी हातांनी ओळखलं, डोक्याने नंतर. तो गव्हाचा चीक होता.

ज्यांच्या घरी कुरडया झाल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आपण गहू तीन दिवस भिजवतो, रोज पाणी बदलतो, वाटतो, पिळून चीक काढतो. रात्रभर ठेवला की चीक खाली बसतो, वरची निवळ ओतून टाकतो. मग मीठ, हिंग घालून घाटतो आणि सोऱ्यातून उन्हात घालतो. घाटलेला गरम चीक वाटीत घेऊन तेल-तिखट किंवा दूध-साखर घालून खायला मुलं रांग लावतात. ही मंडळी गहू भिजवत बसत नाहीत. कणकेचा गोळा मळतात, मुरू देतात, आणि मग पाण्यात तो गोळा धूत राहतात. पाणी दुधासारखं होत जातं, हातात चिवट रबरासारखा चोथा उरतो. दुधाळ पाणी काही तास ठेवायचं, वरचं ओतून टाकायचं, खाली उरतो तो चीक. तोच थाळीत वाफवून ही चादर. पदार्थाचं नाव लिआंगपी, म्हणजे गार साल, असं शाळेतल्या मुलांनी सांगितलं (तळघरात शाळेतली मुलं फार असतात, आणि इंग्रजीसाठी तीच बरी).

आणि चोथा? आपण तो गाईला घालतो. त्यांनी तो वाफवून, चौकोनी फोडी करून त्याच ताटलीत वर घातला होता. स्पंजासारखा, रस पिऊन बसलेला. मी बत्तीस वर्षं जे टाकलं ते पाच मिनिटांत खाल्लं. वर काकडीचे काप, मोडाचे अंकुर, काळसर व्हिनेगर, लसणीचं पाणी आणि मिरचीचं लालभडक तेल. गार असतं. जुलैच्या उकाड्यात असा पदार्थ मी दुसरा खाल्लेला नाही. त्यात मांस नाही, अंडं नाही. आपल्या वाचकांनी हे विचारलं असतं तर त्यांचा अर्धा दिवस वाचला असता.

काचेपलीकडच्या त्या बाईला मला सांगायचं होतं की बाई गं, मीही हेच करते. भाषा कुठली आणणार? फोनमधून कुरडयांचा फोटो दाखवला, गच्चीवर चादरीवर घातलेल्या. तिने थाळी दाखवली, फोटो दाखवला, पुन्हा थाळी, आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली. तिने हाताने ऊन दाखवलं. मी हो म्हटलं. मग तिने शेजारच्या गाळ्यातल्या माणसाला ओरडून काहीतरी सांगितलं, तोही येऊन फोटो बघून गेला.

तो शेजारचा माणूस नूडल्स ओढणारा. सोऱ्या, लाटणं, काही नाही. कणकेची लांब वळी दोन्ही टोकांनी धरायची, ताणायची, मधे दुमडायची, पुन्हा ताणायची. दर वेळी दुप्पट. आठ वेळा दुमडलं की दोनशे छप्पन धागे होतात, हा हिशेब ह्यांनी तिथे उभ्या उभ्या नॅपकिनवर केला. मला धाग्यांच्या संख्येपेक्षा एक भलतीच शंका आली. एवढी ताणणारी कणीक नुसत्या मळण्याने होत नाही. मी विचारायला लावलं, तर निघाला खार. चीनमध्ये पूर्वी एका रानझुडपाची राख वापरत, आता तयार पूड मिळते. आपल्या पापडखाराचाच भाऊ. पापडाच्या पिठात खार कमी पडला तर पापड लाटताना तुटतो, हे मी बत्तीस वर्षं सुनांना सांगत आले, आणि हे गृहस्थ तेच सांगत होते. नूडल्स मात्र गोमांसाच्या रश्शात पडतात, त्यामुळे मी नुसती पाहिली.

मग मोदक. त्यांना डंपलिंग म्हणतात, पण मी कशाला म्हणू? शांघायकडच्या वाफेच्या मोदकाला शाओलाँगबाओ म्हणतात. आत सारणाबरोबर गरम रस्सा असतो. पिठाच्या पुडीत रस्सा भरतात कसा, याचं उत्तर सोपं निघालं. रस्सा थंड करून जेलीसारखा थिजवतात, तुकडे करून सारणात मिसळतात, वाफेत तो पुन्हा वितळतो. ह्यांनी पहिला मोदक आपल्या पद्धतीने अख्खा तोंडात टाकला आणि टाळू भाजून घेतला. दोन दिवस ताक-भात. चमच्यात ठेवून बाजूने छोटं भोक पाडायचं, वाफ जाऊ द्यायची, मग रस्सा ओढायचा, ही रीत शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी नंतर करून दाखवली.

मी कळ्या मोजत होते. अठराच्या आसपास पडतात, आणि त्या सगळ्या एका दिशेने, अंगठा जागेवर ठेवून पारी फिरवत. आपण मोदकाच्या मुखऱ्या वेगळ्या पाडतो, चिमटीने एकेक उभी करून मग सगळ्या वर एकत्र आणतो. काचेपलीकडे मुली बसून भराभर करत होत्या. एकीने मी मोजते आहे हे पाहिलं आणि हात मंद केला. मी कागदी नॅपकिन घेतला, ओल्या बोटाने त्याला एकवीस मुखऱ्या पाडल्या, वर टोक काढलं आणि काचेला लावला. तिने काम थांबवलं. तिने बोटाने मोजलं. मग तिच्यापेक्षा मोठ्या बाईला दाखवलं आणि त्या बाईने मला काहीतरी विचारलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

झिंगे घातलेला एक काचेसारखा पारदर्शक प्रकार दक्षिण चीनकडचा. त्याचं आवरण म्हणजे पुन्हा गव्हाचा चीकच, पण सुकवून पूड केलेला. त्यावर उकळतं पाणी ओतून घोटतात. म्हणजे उकड! झिंगे माझ्या कामाचे नाहीत, पण ती पारी मी ह्यांच्या ताटलीतून तेवढी सोलून चाखली. ह्यांनी आक्षेप घेतला नाही, टाळू अजून दुखत होती.

शाकाहाराचं आता नीट सांगते, कारण तिथे माझीही फजिती झाली. पहिल्या दिवशी एका गाळ्यावर मी "नो मीट, नो मीट" दोनदा सांगून कोबीची भाजी मागितली. आली तर वर बारीक सुके झिंगे पेरलेले. मी चिडले, गाळ्यावरची मुलगी गोंधळली. चूक तिची नव्हती. चिनी बोलण्यात नुसतं मांस म्हटलं की बहुधा डुकराचं, झिंगा त्यात येतच नाही. लेकीच्या ऑफिसातल्या एका चिनी मैत्रिणीने मग मला एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या : मांस, मासे, झिंगे, अंडं नको, हाडांचा रस्सा नको, कालवांचा ऑयस्टर सॉस नको. ती चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून मी पाच महिने पर्समध्ये ठेवली. कोणी कंटाळा केला नाही. काहींनी वाचून स्वच्छ नाही म्हटलं, तेही बरंच.

त्या मैत्रिणीनेच सांगितलं की चिनी बौद्धांमध्ये कडक शाकाहारी असतात आणि ते कांदा, लसूण, पात अशा पाच उग्र वस्तूही खात नाहीत. म्हणजे बारा महिने चातुर्मास. त्यांची स्वतंत्र जेवणघरं फ्लशिंगमध्ये आहेत, आणि काहींच्या पाटीवर स्वस्तिक असतं, आपल्या उलट दिशेचं. तैवानकडे ती शाकाहाराची खूण आहे. अशा एका ठिकाणी मी चातुर्मासातलं एकादशीनंतरचं पारणंही केलं. एकच तक्रार आहे. हे लोक सोयाबीनच्या सायीचं बदक करतात, पिठाचे झिंगे करतात, वर लाल रेघा ओढतात. आयुष्यभर झिंगा न खाल्लेल्या माणसाला खोटा झिंगा देऊन काय उपयोग? मी टोफू आणि कमळकाकडीवर राहिले.

आता गणपती. हे वाचून कोणाला आश्चर्य वाटेल, पण या चिनी बाजारापासून वीस मिनिटं चाललं की बाउन स्ट्रीटवर गणपतीचं मोठं देऊळ आहे, दाक्षिणात्य पद्धतीचं, गोपुर असलेलं. हिंदू टेंपल सोसायटी १९७० साली झाली, आणि मूर्तीची प्रतिष्ठापना ४ जुलै १९७७ची. २०२२ मध्ये त्या रस्त्याच्या पाटीवर गणेश टेंपल स्ट्रीट हे नावही आलं. देवळाच्या तळघरात कॅन्टीन आहे, तिथल्या डोशासाठी चिनी, कोरियन, गोरे, सगळे रांगेत असतात. फ्लशिंगची सगळी चांगली खाणी तळघरात का, हे मला कोणी सांगावं. २७ ऑगस्टला चतुर्थी होती. मी अकरा मोदक लेकीच्या घरून करून नेले, तांदळाचं पीठ आणि खोबरं त्याच बाजारातलं.

जावयाला इतिहासाचं वेड. त्याने देवळातून परत येताना बाउन हे कोण ते दाखवलं. १६५७ साली हे गाव डचांच्या ताब्यात होतं आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना इथल्या गव्हर्नरने मज्जाव केला होता. गावातल्या तीसेक जणांनी, जे स्वतः क्वेकर नव्हते, सही करून विरोधाचा अर्ज दिला. ज्यू, तुर्क, इजिप्शियन कोणीही असो, त्याला त्रास देणार नाही, असं त्यात लिहिलं. पुढे जॉन बाउनने आपल्या घरात क्वेकरांच्या सभा होऊ दिल्या म्हणून त्याला पकडलं, देशाबाहेर काढलं. तो हॉलंडला जाऊन दाद मागून जिंकून आला. त्याचं १६६१च्या सुमाराचं घर अजून उभं आहे. लाकडी, उतरत्या छपराचं, बाजाराच्या गोंगाटापासून पाच-सात मिनिटांवर.

चिनी लोक मात्र इथे खूप उशिरा आले, आणि आपलेही. चिनी मजुरांना अमेरिकेने १८८२ साली कायदा करून दार लावलं. तो कायदा १९४३ला गेला, पण वर्षाला एकशे पाच माणसं एवढीच फट उघडली. खरं दार उघडलं १९६५च्या कायद्याने. त्याच दारातून तैवानची मंडळी आली आणि त्याच दारातून आपले डॉक्टर, इंजिनियर. तैवानवाल्यांची भाषा मॅनहॅटनच्या जुन्या चिनी वस्तीतल्या कँटोनीजपेक्षा वेगळी, तिथे ते परकेच. म्हणून सत्तरच्या दशकात ते सात नंबरच्या गाडीने शेवटच्या स्टेशनापर्यंत आले. देऊळ आणि डंपलिंग एकाच कायद्याची लेकरं आहेत, असं जावई म्हणाला. बाकी त्याची बडबड मी विसरले, हे लक्षात राहिलं.

जे वाईट आहे तेही लिहिते, नाहीतर आपले वाचक म्हणतील बाईला चढली. फुटपाथ अरुंद, धक्के बसतात, आणि सॉरी म्हणायला कोणी थांबत नाही. बरेच छोटे गाळे रोख पैसेच घेतात, कार्ड दाखवलं की मान हलते. स्वच्छतागृह शोधावं लागतं. मेन स्ट्रीटवर, किसेना बुलेवार्डच्या फाट्याशी, सार्वजनिक वाचनालयाची मोठी इमारत आहे. तिने आम्हाला अनेकदा वाचवलं, शिवाय तिथे बसायला खुर्ची आणि थंडावा. आणि काचेचे नवे मनोरे चढताहेत. तळघरातला गाळा असल्या मनोऱ्यात कसा परवडेल, हे मला दिसत नाही.

पण सगळ्यात वाईट मी पाहिलं ते आपल्याच माणसांचं. सप्टेंबरमध्ये एक मराठी कुटुंब त्या सुकटीच्या दुकानापुढे उभं होतं. "शी", "ई", "हे लोक काहीही खातात", असं मोठ्याने, आपली भाषा कोणाला कळत नाही या भरवशावर. लहान मुलगी नाक दाबून फोटोसाठी उभी. म्हातारी गल्ल्यावर बसली होती. भाषा कळायला लागतेच असं नाही, दाबलेलं नाक सगळ्यांना वाचता येतं. मला पुढे होऊन काही बोलायचं होतं. नाही बोलले. माझ्याही ओढणीची मला आठवण झाली.

६ ऑक्टोबरला आपली कोजागरी होती आणि त्याच रात्री चिन्यांचा चंद्राचा सण. दर वर्षी असं जुळत नाही, त्यांचा बहुधा आपल्या भाद्रपदी पौर्णिमेला पडतो. २०२५ मध्ये त्यांचा अधिक महिना आला म्हणून जुळलं. आठवडाभर आधीपासून बाजारात मूनकेकचे लाल-सोनेरी डबे रचलेले, आपल्याकडे दिवाळीत सुक्यामेव्याचे असतात तसे. वर छाप उठवलेली जाड पुरी, आत कमळाच्या बियांचं किंवा लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण, आणि बऱ्याच प्रकारांत मधोमध खारवलेल्या अंड्याचं पिवळं बलक, म्हणजे चंद्र. चिठ्ठी दाखवली तर दुकानदाराने अंड्याशिवायचा वेगळा काढून दिला आणि चरबीचा नाही असंही सांगितलं. रात्री लेकीच्या इमारतीच्या पायऱ्यांवर आटीव दूध आणि मूनकेक. ह्यांनी अंड्याचा खाल्ला. वरच्या मजल्यावरच्या चिनी आजींना मी केशराचं दूध दिलं. त्यांनी ते वास घेऊन, बारकाईने बघून, मग प्यायलं. नाकाला काही लावलं नाही.

संपादकसाहेब, पुरवणीत सहलीवाल्यांचे अनुभव छापताना एवढं विचारत जा, की तिथे किती वेळ होता आणि कोणाशी बोललात. आणि सहल कंपन्यांना माझं सांगणं पोहोचवा : फ्लशिंगला बस नेऊ नका, उभी करायला जागा नाही. लोकांना सात नंबरच्या गाडीत बसवा आणि चार तासांनी त्याच स्टेशनावर भेटा.

माझं नाव छापू नये, लेकीला आवडणार नाही.

आपली जुनी वाचक,
डोंबिवली

ता. क. – परत आल्यावर मी घरी चीक थाळीत वाफवून पाहिला. पहिल्या तीन चादरी थाळीला चिकटून फाटल्या. लेकीला व्हिडिओवर दाखवलं, ती म्हणाली, आई, त्या बाई थाळीला तेल लावत होत्या, तू फोटो दाखवण्यात होतीस. चौथी सुटली.